गुरुजींचा पडदा

"चालत नाही" असं आमच्या घरमालकांसमोर म्हणायची सोय नव्हती. गीझर चालत नाही, नेट चालत नाही, काहीही म्हटलं की ते मान जराशी तिरपी करून माझ्या कानाकडे बघत आणि म्हणत, "ते तुमचं मत झालं. दिसतं काय, ते बोला."

मग मी सांगायचं, की दिवा लागतो, पाणी येतं, पण गार येतं.

"कधीपासून गार?"

"पहिल्यापासूनच."

"पहिल्यापासून म्हणजे तुम्ही हात लावलात तेव्हापासून. त्याच्या आधीचं तुम्हाला पता नाही."

इतकं होईपर्यंत माझी आंघोळीची इच्छा निघून गेलेली असे.

बँकेनं साताऱ्याहून माझी बदली बनारसला केली, तेव्हा मराठी घरात खोली मिळतेय म्हणून मी हरखून गेलो होतो. अहिल्याबाई घाटाच्या मागच्या गल्लीतलं घर. वर मी, खाली गुरुजी आणि काकू. गुरुजी तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करायचे आणि कोण आलं, कुठून आलं, कोणासाठी आलं हे वहीत लिहून ठेवायचं, हे काम त्यांच्या घराण्यात कित्येक पिढ्या चाललेलं. घरात मराठी बोलत, पण तिच्यात हिंदी इतकी मुरलेली होती की त्यांना ती वेगळी ऐकू येत नसे. मला ते 'बँकवाले' म्हणत. दोन वर्षांत त्यांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही. माझं मूळ गाव, गोत्र, आजोबांचं नाव आणि आजीचं माहेर मात्र त्यांनी पहिल्याच संध्याकाळी विचारून लिहून घेतलं होतं. भाडं किती ते काकूंनी सांगितलं.

खरं बोलायचा त्यांना सोस नव्हता. सोस असलेली माणसं निदान आवाज चढवतात. हे फक्त वाचून दाखवत. माझ्या पहिल्याच वर्षी नाशिककडचं एक कुटुंब आलं. पणजोबांचं नाव वहीत आहे असं ऐकून आलेलं. सगळ्यांचे मोबाइल वर, चित्रीकरण सुरू. गुरुजींनी पान काढलं आणि वाचलं, "आले, सोबत पत्नी." मंडळी खूश. "चार वर्षांनी पुन्हा आले, सोबत पत्नी." मंडळी आणखी खूश. "नाव दुसरं आहे," गुरुजी म्हणाले.

"पहिल्या वारल्या असतील हो," त्यातल्या एक बाई म्हणाल्या.

"नाही. त्या त्याच वर्षी वेगळ्या आल्या होत्या. भावाबरोबर. हे बघा."

मोबाइल एकेक करून खाली आले. आतून काकू खोकल्या, पण उशीर झाला होता. मंडळी गेल्यावर मी म्हणालो, "गुरुजी, एवढं सांगायलाच हवं होतं का?"

"त्यांनी विचारलं काय लिहिलंय. मी काय नाही लिहिलं ते सांगायचं का?"

या माणसाशी भांडता येत नसे. भांडायला समोरच्यानं थोडं तरी चुकावं लागतं.

त्या वह्यांचं एक दुखणं होतं. जुन्या वह्या सगळ्या मोडीत होत्या, आणि कागद असा झाला होता की पान उलटलं की त्याचा कोपरा हातात राही. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. तो एका दिवाळीत आला आणि दहा दिवस बसून त्यानं पानन् पान फोटो काढून लॅपटॉपमध्ये भरलं. लॅपटॉप इथेच ठेवून गेला. त्याला मोडी येत नाही. गल्लीतल्या दुसऱ्या कोणालाही या वह्यांची मोडी लागत नाही, कारण लिहिणाऱ्या प्रत्येकाचं वळण वेगळं आणि त्यात घरच्या खुणा. वाचणारे एकटे गुरुजी उरले होते. वह्या आता उघडायच्या नाहीत, फोटो बघून सगळं देवनागरीत उतरवायचं, असं त्यांनी ठरवलं. रोज सकाळची पूजा झाली की बसत.

मी एकदा विचारलं, एवढी घाई कशाला? ते म्हणाले, "मी वाचायचा थांबलो की ही माणसं दुसऱ्यांदा मरतील. एकदा मेलीत तेवढं बस आहे."

हे त्यांनी चहात साखर कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं.

पण काम पुढे जाईना. लॅपटॉपवर अक्षरं बारीक दिसत. "हल्ली बारीकच करून ठेवलीत," गुरुजी म्हणत, जणू कोणी मुद्दाम येऊन करून गेलं होतं. चष्मा वर्षापूर्वीच बदललेला, त्यामुळे डोळ्यांचा प्रश्न त्यांच्या मते निकालात निघाला होता. मुलाशी फोनवर बोलणं झालं आणि मोठा मॉनिटर घ्यायचं ठरलं. एकाच टाइप-सी वायरनं लॅपटॉपला जोडायचा, तीच वायर चित्र नेते आणि तीच लॅपटॉपला चार्जही करते, असं दुकानदारानं सांगितलं. गुरुजींना ते आवडलं. एका तारेत दोन कामं, फापटपसारा नाही.

मी त्या दिवशी बँकेतून आलो तेव्हा मॉनिटर मांडलेला होता, वायर जोडलेली होती आणि समोर गुरुजी मांडी घालून बसलेले.

"अहो बँकवाले, जरा बघा. पडदा काळा आहे. मध्ये दोन शब्द येतात, 'नो सिग्नल'. मग तेही जातात. लॅपटॉपवर बॅटरीचं चिन्ह चमकतं."

"म्हणजे चार्ज होतोय?"

"चमकतं, एवढं मी बोललो."

होत होता. मॉनिटर लॅपटॉपला वीज देत होता, पण लॅपटॉप मॉनिटरला चित्र देत नव्हता. गुरुजींनी यावर दिवसभर विचार केला होता. "ओळख आहे," ते म्हणाले, "जेवूखाऊ घालतायत. बोलत नाहीत."

असं बऱ्याच घरांत असतं, पण मॉनिटरच्या बाबतीत याचं कारण साधं असतं. टाइप-सीच्या वायरी दिसायला सगळ्या सारख्या. काही चित्र नेतात, काही नुसती वीज. मी विचारलं, ही वायर कोणती?

तेव्हा त्यांनी वही काढली. जुनी नव्हे, नवी, शंभर पानी. तिच्यात घरातल्या प्रत्येक वायरीची नोंद होती. मूळ गाव, म्हणजे कोणत्या खोक्यातून आली. सोबत कोण, म्हणजे त्या खोक्यात आणखी काय होतं. यात्रेकरूंना जे विचारायचं तेच त्यांनी वायरींना विचारलं होतं. लावलेली पांढरी वायर लॅपटॉपच्या चार्जरची होती. मॉनिटरच्या खोक्यातली काळी, जाड, आखूड वायर त्यांनी चिठ्ठी बांधून कपाटात ठेवली होती.

"ती का नाही लावली?"

"ती परकी आहे. ही लॅपटॉपच्या घरची. तीन साल सोबत आहे."

त्यांच्या धंद्यात हे बरोबरच होतं. माणूस कोण हे त्याच्यासोबत कोण आलं यावरून ठरतं. वायरीला हे लागू नाही, हे त्यांना पटवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्यातली एक मी चिडून फुकट घालवली.

पटलं तरी काम झटपट होणार नव्हतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा त्यांचा नियम. मी असा माणूस आहे की वायर बदलतो, दुसऱ्या भोकात घालतो, बंद करून चालू करतो, सगळं एकदम, आणि चाललं की देवाचे आभार मानतो. गुरुजी म्हणत, "मग कशानं झालं ते कसं कळणार? मूर्ती पण हलवली, पाट पण हलवला, आता बोलता गणपती वाकडा होता." म्हणून एका संध्याकाळी फक्त वायर. चित्र आलं नाही. तशी नोंद. दुसऱ्या संध्याकाळी लाइट गेली, तो काही आम्ही केलेला बदल नव्हता, तरी त्याचीही नोंद. मधेच दुकानदाराचा फोन आला.

"गुरुजी, मॉनिटर चल नहीं रहा क्या?"

"भैया, हमने ये नहीं कहा. हमने कहा परदे पर दो शब्द लिखे आते हैं."

"तो चल नहीं रहा ना?"

"वो आपकी राय है."

तिसऱ्या दिवशी बँकेनं मला दोन आठवड्यांसाठी लखनौला प्रशिक्षणाला पाठवलं. निघताना सांगून गेलो, की लॅपटॉपला टाइप-सीची दोन भोकं आहेत, ज्याच्या शेजारी पडद्याचं छोटं चित्र काढलंय त्यात काळी वायर घाला. आणि मॉनिटरच्या मागच्या बटणानं यादी उघडून तिच्यात टाइप-सी निवडा. एकेक करून. गुरुजींनी एकेक करून केलं. चौथ्या दिवशी दुपारी वर्गात बसलो असताना फोन आला.

"चित्र आलं," गुरुजी म्हणाले.

मी वर्गातून बाहेर येऊन त्यांचं अभिनंदन केलं. खरंच फार बरं वाटलं. मी म्हणालो, आता वाचा निवांत.

"वाचता नाही येत. मध्ये करडं आहे."

"म्हणजे?"

"पडदा उजळ आहे. कडेकडेनं ठीक आहे. मधोमध करडा डाग आहे, ढबू पैशाएवढा. आणि त्याच्या आसपासच्या ओळी वाकड्या आहेत."

आता इथे मी जे केलं ते मला आजही टोचतं. माझ्याकडे एक माणूस होता जो दिसेल तेवढंच सांगत असे, कणभर इकडेतिकडे नाही, आणि मी त्याचं वर्णन ऐकून मॉनिटरचा विचार केला. रिझोल्यूशन बदलायला सांगितलं. बदललं, डाग तसाच. वायर उलटी करून घालायला सांगितली. डाग तसाच. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन येई आणि मी डबा उघडा ठेवून उपाय सुचवी. एकदा मी म्हणालो, काकूंना बघायला सांगा. काकू त्या यंत्राच्या वाटेला जात नसत, पण आल्या. फोन चालूच होता, मला ऐकू आलं.

"ओळी वाकड्या दिसतात का?" गुरुजींनी विचारलं.

"अहो, मोडीच आहे ते. वाकडंच असणार," काकू म्हणाल्या आणि भाजी करपेल म्हणून निघून गेल्या.

यात त्यांचं काय चुकलं? मोडीतली ओळ न येणाऱ्याला कायमच वितळलेली दिसते.

मग दुकानाचा माणूस आला. त्यानं पडद्याकडे बघितलं, त्यावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोडीचं पान होतं, आणि तो कळवळून म्हणाला, "हाँ गुरुजी, लाइन त सब टेढ़ आवत बा." त्यानं पॅनेल खराब आहे असा निकाल दिला आणि मॉनिटर बदलून दिला. इतका तत्पर माणूस मी बनारसमध्ये दुसरा पाहिला नाही. नव्या मॉनिटरवरही मधोमध करडा डाग होता. त्यानं मग नवी वायर दिली. तिची नोंद झाली, मूळ गाव, सोबत कोण.

मी परत आलो तो रविवार होता. पिशवी वर न नेता सरळ गुरुजींच्या खोलीत गेलो. ते पडद्यासमोरच होते. नवीन खुर्ची आणली होती, कारण मांडी घालून तेवढ्या उंचीचं बघता येत नव्हतं. ते उठले आणि मला खुर्ची दिली. माझ्यामागे उभे राहिले.

पडद्यावर पान होतं. इतकं स्वच्छ चित्र मी क्वचित पाहिलंय. कागदाचे धागे दिसत होते, बोरूची शाई कुठे संपत आली आणि तो कुठे पुन्हा बुडवला तेही दिसत होतं. मधोमध काही नव्हतं. कुठेच काही नव्हतं. मी पान लहानमोठं करून पाहिलं. मग पान बंद करून बँकेत वापरतो तसा कोऱ्या चौकटींचा तक्ता उघडला. सगळ्या रेघा सरळ, सगळे चौकोन चौकोनी.

"गुरुजी, हे कसं दिसतं?"

त्यांनी मान तिरपी केली. "कडेचे चौकोन ठीक आहेत. मधले वितळलेत."

ती मान तिरपी करायची सवय मी दोन वर्षं बघत होतो. मला वाटे, ते संशयानं बघतात. ते समोरचं दिसावं म्हणून बाजूनं बघत होते.

मनात आलं की म्हणावं, हाही मॉनिटर खराब निघाला, बदलून घेऊ. आणखी पंधरा दिवस जातील. पंधरा दिवस ते गुरुजीच राहतील, वाचणारे. मी ते वाक्य जवळजवळ म्हटलंच होतं. मागून आवाज आला, "बँकवाले, दिसतं काय, ते बोला."

"सगळं दिसतं, गुरुजी," मी म्हणालो. "सरळ दिसतं. डाग नाही."

बाहेर गल्लीतून एक अंत्ययात्रा मणिकर्णिकेकडे चालली होती, ती पुढे निघून जाईपर्यंत ते थांबले.

"तार बदलली," मग ते म्हणाले. "भोक बदललं. पडदा बदलला. एकच गोष्ट बदलायची राहिली होती."

"कोणती?"

"बघणारा. आज बघणारा बदलला आणि चित्र आलं. लिहा."

वही माझ्याकडे सरकवली. मी लिहिलं. अक्षर धड येत नव्हतं, पण त्याला आता कोण नावं ठेवणार होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दुसऱ्याच दिवशी गेलो. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून, आणि गुरुजींनी मला वही काढायला लावली. कोणत्या दिवशी डाग केवढा, ओळी कोणत्या बाजूला वाकड्या, सगळं होतं. फक्त ते मॉनिटरच्या नावानं लिहिलेलं. डॉक्टर म्हणाले, असा रोगाचा इतिहास मला आजवर कोणी आणून दिला नाही. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, डाव्या डोळ्यातलं जुनं आहे, तिथे काही करता येणार नाही. उजव्यात इंजेक्शनं देऊन आहे तेवढं टिकवता येईल, पण वाचता येईल असं धरून चालू नका. थोडं आधी यायला हवं होतं. हे ऐकताना मी डॉक्टरांकडे बघू शकलो नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत तो माणूस मला आपले डोळे वाचून दाखवत होता आणि मी त्याला रिझोल्यूशन बदलायला सांगत होतो.

गुरुजी मला बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आठवडाभर पडद्यावर काकूंनी धुतलेला पंचा टाकून ठेवला होता. आठव्या दिवशी संध्याकाळी गुरुजींनी मला खाली बोलावलं. पंचा काढलेला, पान उघडलेलं. ते खुर्चीच्या शेजारी पाटावर बसले होते, पडद्याकडे पाठ करून.

"वाचा."

"मला मोडी येत नाही, गुरुजी."

"मला येते. मला दिसत नाही. तुम्हाला दिसतं. पहिलं अक्षर कसं आहे ते बोला."

मी सांगितलं, उभी रेघ आहे, खाली डावीकडे पोट आहे.

"पोट बंद की उघडं?"

"उघडं."

"शेपूट?"

"शेपूट पुढच्या अक्षरात गेलंय."

"मग पुढचं बोला, शेपटीपासून."

एका ओळीला पाऊण तास लागला. कोणी एक बाई खानदेशातून आल्या होत्या, दिराबरोबर, नवऱ्याच्या अस्थी घेऊन. वाटेत मूल आजारी पडलं म्हणून काशीत एकवीस दिवस राहिल्या. मूल बरं झालं, असं शेवटी वेगळ्या शाईत लिहिलं होतं. गुरुजींनी तेवढं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

आता रोज बसतो. इंजेक्शनं चालू आहेत, उजवा डोळा टिकलाय. माझा वेग वाढला आहे. पोट आणि शेपूट सांगायची गरज निम्म्या अक्षरांना उरली नाही. तरी वह्या इतक्या आहेत की हिशोब करू नये. मागच्या महिन्यात गुरुजींनी विचारलं, "तुमची बदली कधी आहे?"

"जूनमध्ये."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून रोज दोन ओळी वाढवल्या.

मी मुदतवाढीचा अर्ज लिहिला. साताऱ्याला आईवडील आहेत, त्यांना अजून सांगितलेलं नाही. अर्जात कारणाचा रकाना असतो. मी जे लिहिलं ते गुरुजींना वाचून दाखवलं: कौटुंबिक.

"हे खोटं आहे," ते म्हणाले. "तुमचं इथे कोण आहे? 'मोडी शिकत आहे' लिहा. ते खरं आहे."

"बरं," मी म्हणालो, आणि खोडल्यासारखा कागदावर पेन फिरवला.

शब्द तसाच ठेवला. त्यांना आता कुठे दिसतंय.